वासी उत्तरायणाचे उंदीर

तिला काहीही सांगा, ती आधी विचारायची, "कोण म्हणालं?"

उद्या पाणी येणार नाही. कोण म्हणालं? समोरच्यांच्या मुलीचं लग्न जमलं. कोण म्हणालं? एकदा मी लहरीपुऱ्याच्या बाजारातून कापड घेऊन घामाघूम होऊन आले आणि फाटकातच तिला म्हटलं, आज ऊन फार आहे. त्यावरही तिने तोंड उघडलं, तेव्हा मीच सांगून टाकलं की माझं डोकं म्हणालं, हात लावून बघा. ती हसली नाही. तुम्ही स्वतः अनुभवलंय, मग प्रश्न नाही, असं म्हणाली आणि छत्री उघडून निघून गेली.

ही आमची वरच्या मजल्यावरची भाडेकरू. बडोद्याच्या कडेला, समा भागात आम्ही घर बांधलं तेव्हा तिथे शेतं जास्त आणि घरं कमी होती. आमचे हे रेल्वेत होते. वरच्या दोन खोल्या भाड्याने द्यायच्या हे आधीपासून ठरलेलं. बघायला बरेच आले. ही आली ती एकटी, चाळिशीची, लग्न न केलेली, केस आखूड कापलेले, आणि पुस्तकांची खोकी इतकी की हातगाडीवाला अर्ध्या जिन्यात बसून राहिला. मी विचारलं, मांसमच्छी खाता का. ती म्हणाली, "दिवसभर उंदीर कापते. घरी आल्यावर दहीभात पुरतो." ह्यांना ते उत्तर आवडलं नाही. मला चाललं.

ती डॉक्टर होती, पण औषध देणारी नव्हे. कॉलेजच्या प्रयोगशाळेत उंदरांना मधुमेह करायचा आणि मग तो कशाने उतरतो ते बघायचं, हे तिचं काम. सोसायटीत हे कुणाला पटत नसे. दारावर डॉक्टर लिहिलंय म्हणजे ताप बघता आलाच पाहिजे. लोक पोरं घेऊन जिना चढायचे आणि ती त्यांना परत पाठवायची. शेवटी तिने जिन्याखाली मराठीत आणि गुजरातीत पाटी लावली: इथे माणसांना औषध मिळत नाही. त्यानंतर शेतावरचे लोक म्हशी घेऊन यायला लागले.

तिच्याबद्दल आता सगळे गोड बोलतात. मी तिच्या खालच्या मजल्यावर आयुष्य काढलं, मला गोड बोलायची गरज नाही. ती चिकट होती. सणाला कुणाच्या पोराच्या हातावर कधी काही ठेवलं नाही. शेजारचं मूल रडलं की खिडकी लावून घ्यायची. माझ्या घरात, माझ्यासमोर, माझा घासलेला पेला पुन्हा विसळल्याशिवाय पाणी प्यायची नाही. आणि माणसांत कसं बोलायचं हे तिला कळत नसे.

मेतकुटाचंच बघा. मी तिला एकदा बरणीभर मेतकूट दिलं. ते तिने कॉलेजात नेलं आणि खाणाऱ्या प्रत्येकाला सांगितलं की ही कृती माझ्या घरमालकिणीची, तिला ती तिच्या आत्येसासूकडून मिळाली. इथपर्यंत ठीक. पुढे माझ्या धाकट्या जावेकडे हळदीकुंकू होतं. जावेने तेच मेतकूट वाटीत घालून पुढे केलं आणि बायकांनी वाहवा केली तेव्हा ती गप्प बसून हसली. आमची वरची बाई भर बैठकीत माझ्याकडे बोट करून म्हणाली, "हे वहिनींचं आहे. नाव सांगायला हवं होतं." जाऊ दिवाळीपर्यंत आमच्याकडे फिरकली नाही.

मी वर जाऊन तिला झापलं. मेतकुटाला कसलं आलंय नाव? तेव्हा तिने मला तिच्या कामातली रीत समजावली. एकाने काही शोधलं आणि छापलं. दुसऱ्याने त्याच्या आधाराने पुढे काम केलं, तर त्याने आपल्या लेखाखाली पहिल्याचं नाव द्यायचं. जितके लोक तुमचं नाव देतील तितके तुम्ही मोठे. लेख ढीगभर लिहा, कुणी नाव घेतलं नाही तर ते न लिहिल्यासारखेच. मी विचारलं, हे मोजतं कोण? तर त्याचीही जाडजूड पुस्तकं निघतात म्हणे, मुंगीएवढ्या अक्षरांची. कुणाचं नाव कुणी कुठे घेतलं, एवढंच त्यात असतं. दर रविवारी ती पर्समध्ये भिंग घालून लायब्ररीत जायची ते त्यासाठी. मी इतके दिवस समजत होते की ही कीर्तनाला जाते.

तिचा एकच लेख गाजला होता. बाकीचे कुणी विचारत नसे, हे ती स्वतःच सांगायची. रानात उगवणाऱ्या एका वेलीच्या बिया, त्यांची पूड. ती खाऊ घातली की मधुमेहाच्या उंदरांची साखर एकदम खाली येते, असा तो लेख. वर दोन नावं, एक तिच्या साहेबांचं आणि एक तिचं. तो लेख मागणारी कार्डं देशोदेशीहून यायची. तेव्हा तशी पद्धत होती. ज्याला लेख वाचायचा तो कार्ड पाठवून लिहिणाऱ्याकडेच प्रत मागायचा. कॉलेजातले शिपाई तिकिटं कापून घेत, म्हणून तिने आमच्या घरचा पत्ता दिला होता. टपालवाला फाटकातून ओरडायचा, "डॉक्टरबेन, जर्मनी!" दुसऱ्या दिवशी, "डॉक्टरबेन, जपान!" आणि ही अनवाणी जिना उतरायची. कार्ड घेऊन वर जाताना तिची पाठसुद्धा खूश दिसायची.

त्याच बियांची पूड मकरपुऱ्याच्या एका लहान कारखान्याने डब्यात भरून विकायला काढली. डब्यावर छापलं, बडोद्याच्या शास्त्रज्ञांनी सिद्ध केलेली. तिला कुणी विचारलं नव्हतं. ती म्हणाली, मी उंदरांवर केलंय, माणसांवर नाही. पण आमच्या ह्यांना साखर होती. त्यांनी डबा आणला, सोसायटीभर मिरवला, आपल्या वरच्या बाईंचा शोध म्हणून. आणि डॉक्टरांच्या गोळ्या परस्पर निम्म्या केल्या. मी बोलले, बाई बोलली. ते म्हणाले, छापलंय ना? त्यांच्या पायाच्या अंगठ्याला बुटाने जखम झाली होती. ती भरत नव्हती.

आता उत्तरायणाचं सांगते.

मकरसंक्रांतीचा दिवस म्हणजे उत्तरायण, आणि त्याचा दुसरा दिवस, त्याला इथे वासी, म्हणजे शिळं, उत्तरायण म्हणतात. ह्या दोन दिवसांत बडोद्यात जमिनीवर कुणी नसतं. दुकानं बंद, ऑफिसं ओस, सगळं गाव पतंग घेऊन धाब्यावर, म्हणजे गच्चीवर. जेवण वर, भांडणं वर, म्हातारी माणसंसुद्धा खुर्चीसकट वर. ती ह्या दोन दिवसांत खिडक्या लावून वाचत बसायची. त्या वर्षी माझ्या भाच्याने तिला हाताला धरून धाब्यावर आणलं आणि फिरकी तिच्या हातात दिली. पतंग वर चढला तशी फिरकी तिच्या हातात गरगरायला लागली आणि ती हसायला लागली. तोंड उघडून, दात दाखवून. भाच्याने तिचा फोटो काढला.

तिच्या मागेच पाण्याच्या टाकीखाली आमच्या पोपटाचा पिंजरा टांगलेला होता. पोरांनी त्याला आदल्या दिवशी सकाळी वर आणला होता, त्यालाही पतंग बघू देत म्हणून. दुपारी केव्हातरी तिने मागे वळून बघितलं आणि मला विचारलं, "हा ओरडत का नाही?"

पोपट पिसं फुलवून कोपऱ्यात बसला होता. वाटी रिकामी, पाणीही आटलेलं.

"ह्याला कालपासून कुणी घातलंय?"

कुणीच घातलं नव्हतं. हाताच्या अंतरावर पिंजरा, सगळ्यांच्या हातात चिक्की आणि जिलबी, आणि प्रत्येकाला वाटलं दुसऱ्याने घातलं असेल. मी मिरची आणायला खाली निघाले. वळून पाहते तर तिचा चेहरा उतरलेला. फिरकी तिने खाली सोडून दिली होती. भाच्याचा पतंग मांज्यासकट गेला आणि शेजारच्या धाब्यावरून पोरं ओरडली, "काप्यो छे!" तिला ते ऐकू गेलं नाही. ती कुणाकडेच न बघता म्हणाली, "रक्त सोळा तारखेला काढलं होतं."

दुसऱ्याच दिवशी ती मला घेऊन तिच्या प्रयोगशाळेतल्या एका जुन्या माणसाकडे गेली. तो उंदरांना खायला घालायच्या कामावर होता, आता निवृत्त झालेला, शहरातल्या एका गल्लीत राहायचा. मी विचारलं, मी कशाला? म्हणाली, तुम्ही ऐका, उद्या मला कुणी विचारलं कोण म्हणालं, तर एकटीच्या शब्दावर नको.

त्याने आम्हाला खाटेवर बसवलं, तिळाचे लाडू पुढे केले. तिने त्याला विचारलं की पूड खाणारे उंदीर ज्या मागच्या खोलीत होते, तिथे उत्तरायणाच्या दोन दिवसांत खायला घालायला कोण यायचं.

तो हसायलाच लागला. "अरे बेन, उत्तरायणमां ते कोई आवे?"

उत्तरायणात कुणी येतं का, एवढंच त्याचं उत्तर. त्याला त्यात लपवण्यासारखं काही वाटत नव्हतं. पुढच्या खोलीतले उंदीर, ज्यांना पूड दिली नव्हती, त्यांचा माणूस आवारातच राहायचा, तो घालायचा. हा मात्र चावी खिशात घालून भरूचला भावाकडे जायचा. दरवर्षी. प्रयोगाच्या वर्षी सोळाला सकाळी येऊन कुलूप काढलं तर सगळे उंदीर सुस्त पडलेले. "मला वाटलं, बेनची दवा लागू पडली," तो म्हणाला. "मी घाईघाईने दाणे टाकले, तेवढ्यात तुम्ही रक्त काढायला आलात."

तिने लाडू खाल्ला, हात पुसले, उठली. रिक्षात म्हणाली, "उपाशी उंदराची साखर उतरणारच. मधले सगळे दिवस ती जराशी खालीवर होत होती. शेवटच्या दिवशी एकदम खाली आली, आणि आम्ही नाचलो."

मी म्हटलं, मग आता कळवून टाका. ती म्हणाली, नुसत्या आठवणीवर कळवता येत नाही, पुन्हा करून बघायला हवं.

ते तिने उन्हाळ्यापर्यंत केलं. नवे उंदीर, तीच पूड, आणि खायला घालायचं काम कुणावर न सोडता स्वतःवर. रविवारची लायब्ररी बंद झाली. होळीला गेली, रामनवमीला गेली. घरी यायची ती थेट वर. काय निघालं हे मी विचारत नव्हते, पण जिन्यावरच्या पावलांवरून कळत होतं. टपालवाल्याला कशाचीच कल्पना नव्हती. तो आपला ओरडायचा, "डॉक्टरबेन, अमेरिका!" वरून कुणी उतरत नसे. मी कार्डं जिन्याच्या पायरीवर ठेवायची. ती संध्याकाळी ती उचलायची आणि न वाचता उलटी धरायची. एकदा त्याला म्हणाली, भाई, ओरडू नका, नुसतं टाकून जा. त्याला वाईट वाटलं. त्याला वाटायचं तो आनंदाची बातमी आणतो.

आणि नेमकी त्याच उन्हाळ्यात तिच्या खात्यात प्रोफेसरची जागा निघाली. ह्या जागेची ती किती वर्षं वाट बघत होती हे मला माहीत होतं. जागा एकच. दुसरा उमेदवार तिच्याच हाताखाली शिकलेला, तिच्या त्याच लेखावर स्वतःचे लेख रचलेला. मुलाखत जूनमध्ये. सगळे म्हणत होते बाईचीच निवड होणार, एवढं नाव कुणाचं घेतलं गेलंय? ती घरी येऊन मला म्हणाली, "पूड खाऊन काही होत नाही, वहिनी. पोट भरलेल्या उंदरावर काहीच नाही." मग जागेबद्दल बोलली, आणि दोन्ही एकाच आवाजात बोलली.

मुलाखतीच्या आदल्या दिवशी साहेब आले. ते तिचे गुरू. जुन्या संस्थानी अधिकाऱ्यांच्या घरातले, कडक इस्त्रीचे, निवृत्त झालेले, पण निवडीत त्यांचा शब्द अजून चालायचा. गुडघ्यांमुळे त्यांना जिना चढवेना, म्हणून बोलणं माझ्या पुढच्या खोलीत झालं. मी आत पोहे करत होते. मधलं दार उघडं होतं आणि मी ते लावलं नाही.

साहेबांनी विचारलं, "कुणी तक्रार केलीय?"

"नाही."

"कुणी शंका तरी काढलीय?"

"नाही."

"मग तूच का उकरतेस? लोक तो लेख धरून कितीतरी पुढे गेले."

"म्हणूनच, सर. अजून जाताहेत."

साहेबांनी आवाज खाली आणला. उद्याचा दिवस जाऊ दे म्हणाले. प्रोफेसर हो, मग वर्षा-दोन वर्षांनी नवा लेख लिही, त्यात हळूच दुरुस्ती घाल. सगळ्या जगात असंच करतात.

"कोण म्हणालं?"

हे ती सवयीने बोलली. मला ते माहीत होतं, साहेबांना नव्हतं. त्यांची काठी माझ्या फरशीवर आपटली.

"मी म्हणतोय. त्या लेखावर माझं नाव आहे."

"माहीत आहे सर. तुमचं पहिलं आहे."

मग साहेब म्हणाले, "तो एक काढलास तर तुझ्याकडे राहतं काय? बाकीचं तुझं कुणी उघडून तरी पाहिलंय का?"

मी पोहे घेऊन बाहेर आले. साहेबांनी बशीला हात लावला नाही. काठी टेकत ते गाडीत जाऊन बसले. ती मात्र आपली बशी संपवत बसली, खोबऱ्याच्या शेवटच्या कणापर्यंत. कितीही मोठं भांडण होवो, ती खाणं टाकत नसे. मला तिचं ते विचित्र वाटायचं.

दिवेलागणीला मी ह्यांचा पुडीचा डबा उचलून वर गेले. ती टेबलाशी बसली होती. समोर तिच्या लेखांची टाइप केलेली यादी, उद्या न्यायची. हातात पेन्सिल. मी डबा त्या यादीवर ठेवला.

"ह्याने काही होतं का?"

"तुम्हाला माहीत आहे. तुम्ही माझ्याबरोबर होतात."

"मला आहे. ह्यांना नाही. ते म्हणतात, चौथी शिकलेल्या बायकोचं ऐकू की छापलेलं? अंगठा काळा पडत चाललाय."

तिने डबा फिरवून त्यावरची अक्षरं वाचली. "छापलेलं मागे घ्यायचं तर मलाच घ्यावं लागेल."

"मग घ्या."

"घेतलं तर ती जागा मला मिळणार नाही."

"नाही मिळणार."

ती माझ्याकडे बघत राहिली. म्हणाली, "तुम्ही निदान मिळेल म्हणायचं."

"कशाच्या आधारावर म्हणू?"

संक्रांतीनंतर ती पहिल्यांदा हसली. मग म्हणाली, जा, मला काम आहे. मी डबा तिथेच ठेवून खाली आले.

दुसऱ्या दिवशी ती इस्त्रीची साडी नेसून गेली. माझा जीव थाऱ्यावर नव्हता, हे कबूल करते. वरण करपलं. हे दोनदा विचारून गेले, बाईंना जागा मिळाल्यावर पेढे आपण वाटायचे की त्या? दुपारी ती आली आणि वर न जाता माझ्या स्वयंपाकघरात पाटावर बसली. तिने सांगितलं ते असं. समितीने विचारलं, तुमचा सर्वांत जास्त आधार घेतला गेलेला लेख कोणता? तिने तो सांगितला आणि म्हणाली, तो चुकीचा आहे, तो माझ्या यादीतून काढा. मग उत्तरायण सांगितलं, चावी सांगितली, भरूच सांगितलं. बाहेरगावचे एक जण हसले, त्यांना वाटलं बडोद्याचा विनोद आहे. दुसरे म्हणाले, हे इथे सांगायची जागा नव्हती. ती म्हणाली, मग कुठली? तो लेख वजा केल्यावर यादी फार हलकी होते, असं अध्यक्षांनी म्हटलं, आणि ती म्हणाली, हो, होते.

"थोडं वरण द्या," म्हणाली.

मी म्हटलं, करपलंय. ती म्हणाली, चालेल.

जागा त्या दुसऱ्याला मिळाली. साहेब पुन्हा आमच्या फाटकाशी आले नाहीत. सोसायटीतल्या बायकांनी मला विचारलं, बाईंनी उंदरांना उपाशी मारलं म्हणतात, खरं का? गोष्ट अशीच फिरते. ह्यांनी तर तिच्याशी बोलणंच टाकलं. त्यांना वाटलं तिने त्यांची फसवणूक केली, आधी शोध लावून आणि मग तो काढून घेऊन. तिने खाली येऊन त्यांना समोर बसून सांगितलं, भाऊ, पूड बंद करा, गोळ्या पुऱ्या घ्या, चूक माझी आहे. ते पेपर तोंडासमोर धरून बसले. दुसऱ्या दिवशी नवा डबा घेऊन आले.

मी तो डबा गटारात ओतला आणि त्यात मेथीची पूड भरून ठेवली. डॉक्टरांच्या गोळ्या दुधाबरोबर पुऱ्या द्यायला लागले, ह्या पुडीबरोबर घ्यायच्या असतात असं सांगून. जखम भरली. हे सगळ्यांना सांगत सुटले, पूड खरी होती, बाईच खोटी. ह्याचं हसू येऊन मी ते तिला सांगितलं, तर ती माझ्यावरच भडकली. म्हणाली, तुम्ही त्यांना उपाशी उंदीर केलंत, आता तेही चुकीचं सांगत फिरणार. त्यांना खरं सांगा. मी म्हटलं, अंगठा माझ्या नवऱ्याचा आहे, तुमच्या लेखाचा नाही. आम्ही महिनाभर बोललो नाही. मी त्यांना कधीच सांगितलं नाही. मला त्यात तेव्हाही काही चूक वाटली नाही, आजही वाटत नाही.

ज्या मासिकात तो लेख आला होता त्यात तिची माघार छापून आली. तिने मला दाखवली. बोटाच्या पेराएवढा मजकूर, पानाच्या अगदी तळाशी. साहेबांनी त्यावर सही केली नव्हती, एकट्या तिचीच होती. मला वाटलं, संपलं.

पण तिथून पुढे तिचं खरं वेड सुरू झालं. रविवारची लायब्ररी पुन्हा चालू झाली. तेच भिंग, तीच मुंगीएवढी अक्षरं. आता ती शोधायची की माघारीनंतरही तो लेख कोण वापरतंय. जो सापडेल त्याला पत्र: तो लेख मी मागे घेतला आहे, कृपया त्याचा आधार घेऊ नका, माझं नाव देऊ नका. बाकीचं जग नाव घ्या म्हणून पत्रं लिहितं. तिकिटं लावायला मी बसायची. मी विचारायची, कमी झाले का? ती म्हणायची, वाढले. कुणी मूळ लेख वाचतच नव्हतं. एकाने लिहिलं ते दुसऱ्याने उतरवलं, त्याचं तिसऱ्याने. काही जणांची उत्तरं आली, आभार मानणारी. एकाने लिहिलं की तुमचा लेख चुकीचा असला तरी आमच्या कामाला तो लागतो. ते उत्तर तिने मला मराठीत करून दोनदा सांगितलं.

तिच्या जागी प्रोफेसर झालेला तो तिचा विद्यार्थीसुद्धा त्याच लेखाचं नाव देत राहिला. तिने त्याला त्याच्या ऑफिसात जाऊन विचारलं. तो म्हणाला, मॅडम, सगळेच देतात. ती घरी येऊन म्हणाली, "ह्याला मी शिकवलं." बस, एवढंच.

निवृत्त झाल्यावरही ती वरच राहिली. हे गेले. मग मी आणि ती, खाली आणि वर. उत्तरायणाच्या दोन्ही दिवशी ती सकाळीच कॉलेजात जायची, निवृत्त झाल्यावरसुद्धा, उंदरांच्या खोलीचं कुलूप कुणी काढलंय का बघायला. सुरुवातीला तिथली पोरं हसायची, मग तिला बघून धावत चावी आणायची. शेवटच्या आजारातही तिने दवाखान्यातल्या डॉक्टरला प्रत्येक गोळीला विचारलं, हे कोण म्हणालं? त्याला वाटलं म्हातारी भ्रमात आहे. मी म्हटलं, सांगा तिला, ती शुद्धीवर आहे.

मागच्या महिन्यात कॉलेजातून एक तरुण आला. खात्याच्या भिंतीवर जुन्या मोठ्या माणसांचे फोटो लावायचे आहेत म्हणाला. बाईंचा एकही चांगला फोटो त्यांच्याकडे नव्हता. मी पेटीतून काढून दाखवला, तो धाब्यावरचा. फिरकी हातात, दात दिसताहेत, आणि मागे टाकीखाली पिंजरा. त्याला फार आवडला. मग त्याने मला त्याच्या मोबाइलवर तिची यादी दाखवली. आता ती जाडी पुस्तकं नाहीत, सगळं त्यात असतं. म्हणाला, आजी, तुम्हाला माहीत नसेल, आमच्या खात्यात आजवर यांचंच नाव सर्वांत जास्त घेतलंय. अजून घेतात. ह्या वर्षीसुद्धा. सगळ्यात वर तोच लेख होता, त्या वेलीच्या बियांचा.

मी विचारलं, त्याच्यापुढे काही लिहिलंय का?

त्याने बोटाने खालीवर केलं. काही लिहिलेलं नव्हतं. मागे घेतलेला आहे हे त्याला माहीतच नव्हतं. मी त्याला सगळं सांगितलं. तो ऐकत होता, मान हलवत होता, आणि फोटोकडे बघत होता. मग म्हणाला, फोटोखाली एकच ओळ बसते, आजी.

मी म्हटलं, एकच पुरे. लिहा, हिचा सगळ्यात गाजलेला लेख चुकीचा होता, आणि ते हिनेच सांगितलं.

तो हसला. मी हसत नाही हे बघून थांबला. खातेप्रमुखांना विचारावं लागेल म्हणाला, भिंतीवर असं लिहीत नाहीत, सत्काराचं लिहितात. मी विचारलं, कोण म्हणालं? तो मोबाइलमध्ये बघायला लागला.

ओळ छापून आणा आणि फोटो घेऊन जा, असं मी त्याला सांगितलं, आणि फोटो पुन्हा पेटीत ठेवला. तो अजून आलेला नाही.